सहा टँकरांत एक थेंब

केमिस्ट्रीचा पेपर सुटल्यावर कॉलेजच्या पायऱ्यांवर जी सभा भरते, ती कधी पाहिलीय? तीन तास मान मोडून लिहिलेलं असतं, पोटात कावळे ओरडत असतात, तरी घरी जायची घाई कुणालाच नसते. पॅडच्या चिमट्यात प्रश्नपत्रिका फडफडतेय, कुणी तळहातावरच आकडेमोड करतंय आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: "तुझं किती आलं?" ऑरगॅनिकबद्दल चकार शब्द निघत नाही, कारण तिथे सगळेच बुडालेले असतात. भांडणं जुंपतात ती आकड्यांवरून.

बारावीच्या एका पूर्वपरीक्षेनंतर असंच एक भांडण कानावर आलं. प्रश्न जुनाच, पोरांना दरवर्षी चकवणारा: हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण दहाचा उणे आठवा घात मोलर इतकं विरळ आहे, तर त्याचा पीएच किती?

"आठ," एक जण छातीठोकपणे म्हणाला.

"माझं ६.९६ आलंय रे."

तिसरी जरा दबकतच बोलली, "मला ६.९८ मिळालं."

"अगं, एवढं काय त्यात? घात उणे आठ, म्हणून पीएच आठ. सरळ सूत्र आहे!"

सूत्र खरंच तसं आहे. १९०९ साली सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ते मांडलं, तेही कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून. पाठ्यपुस्तकातला आपला गंभीर 'सामू', म्हणजेच पीएच, जन्मला तो बिअरच्या शेजारी! हायड्रोजन आयन किती आहेत ते पाहायचं, दहाचा घात घ्यायचा, उणे चिन्ह पुसायचं. झालं.

पण आठ म्हणजे काय, याचा विचार करा. सातच्या खाली ॲसिड, सातच्या वर बेस. म्हणजे या गड्याने पाण्यात ॲसिड ओतलं आणि हाती आला बेस! अजून दहापट पाणी घातलं तर त्याच्या हिशेबाने नऊ, मग दहा. ॲसिड पातळ करत गेलं की शेवटी साबणाचं पाणी तयार होणार? मग साबणाचे कारखाने हवेत कशाला?

हे द्रावण मुळात किती पातळ आहे, ते आधी डोळ्यांसमोर आणू. प्रयोगशाळेतल्या बाटलीत धूर सोडणारं तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं ना, त्याचा फक्त एक थेंब घ्या. आता दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर मागवा. एक, दोन नव्हे, सहा. त्या सहा टँकरांत तो एक थेंब ढवळला की झालं आपलं द्रावण तयार.

मुलाने हिशेब मांडला तो फक्त थेंबाचा. साठ हजार लिटर पाण्याला कुणी विचारलंच नाही.

आणि पाणी काही गप्प बसलेलं नसतं! अगदी शुद्ध पाण्यातही मधूनच एखादा रेणू आपला प्रोटॉन, म्हणजेच हायड्रोजन आयन, शेजाऱ्याकडे फेकतो. एकाला तो चिकटतो, दुसरा हायड्रॉक्साइड होऊन बसतो. असं कितीदा होतं? कोणत्याही क्षणी साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक रेणू असा फुटलेला सापडतो. अख्ख्या भारतात शोधून दोन-तीन माणसं मिळावीत, इतकं हे दुर्मीळ. एका ठरावीक रेणूवर ही पाळी यायला सरासरी दहाएक तास लागतात. आणि फुटलेले आयन पुन्हा जोडले कधी जातात? सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्याही आत!

इथे मला दर वेळी थबकायला होतं. साडेपंचावन्न कोटींत एक म्हणजे दोन आयनांच्या मध्ये सुमारे आठशे रेणूंचं अंतर. एवढ्या गर्दीतून ते एकमेकांना इतक्या झटपट गाठतात कसे? स्लॅब टाकताना पाहिलंय? खालचा माणूस घमेलं घेऊन वर धावत नाही. रांग जागेवर उभी असते, घमेलं तेवढं हातोहात वर जातं. प्रोटॉनही तसाच जातो: एक रेणू पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. पाण्यात ही रांग कायमचीच लागलेली. आयनांची ही गाठभेट इतकी झटकन होते की अशा क्रियांचा वेग मोजताच येणार नाही, असं मानलं जायचं. मानफ्रेड आयगेन या जर्मन शास्त्रज्ञाने तो मोजून दाखवला आणि १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळवला.

आता चला परत पायऱ्यांवर. आपल्या टँकरांत थेंबाने दिलेले हायड्रोजन आयन एक भाग धरले, तर शुद्ध पाण्याचे स्वतःचेच दहा भाग असतात. पाहुण्यापेक्षा यजमान दहापट! म्हणून दुसऱ्या मुलीने दहा आणि एक अकरा केले आणि ६.९६ लिहिलं. पाण्याची आठवण तिला झाली, हे कौतुकाचंच. पण पाण्याचा स्वभाव ती विसरली.

पाण्याचा एक हट्ट आहे. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड यांचा गुणाकार तापमान बदलत नाही तोवर तेवढाच राहिला पाहिजे. आधी तो दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर होता. ॲसिडचा एक भाग आला की अकरा गुणिले दहा, एकशे दहा! हे पाण्याला चालत नाही. ते लगेच हात आखडता घेतं, दहाऐवजी साडेनऊच भाग देतं. एकूण हायड्रोजन साडेदहा, हायड्रॉक्साइड साडेनऊ. करा गुणाकार. ९९.७५, म्हणजे जवळपास शंभर! या साडेदहाचा पीएच काढला की येतो ६.९८.

दबकत बोलणारी मुलगी बरोबर होती. सातच्या केसभर खाली, पण ॲसिड ते ॲसिडच. पुढे शंभर टँकर ओतलेत तरी आकडा सातच्या अगदी जवळ जाईल, पण सात ओलांडणार नाही.

फक्त एक भानगड आहे. हे द्रावण उघड्या भांड्यात त्याच पायरीवर ठेवून मीटर बुडवलात, तर तो ६.९८ दाखवणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि थोड्याच वेळात पीएच ५.६ च्या आसपास येतो. आपल्या थेंबाने दिलेल्या आयनांच्या अडीचशेपट आयन नुसती हवा आणून टाकते! तेव्हा मीटरला विचारायच्या भानगडीत पडू नका. पेपरात ६.९८ च लिहा.