धक्क्यावरची वीज बोटीत पोहोचेपर्यंत

धक्क्याला लागलेल्या यॉटला वीज मिळते ती तिथल्या खांबावरच्या सॉकेटमधून. अमेरिकेतल्या मरिनांमध्ये ही सॉकेट मुख्यतः दोन प्रकारची असतात: 120 व्होल्ट, 30 अँपिअरची आणि मोठ्या बोटींसाठी 120/240 व्होल्ट, 50 अँपिअरची. केबल बोटीच्या इनलेटला जोडली की वीज ब्रेकरमार्गे इन्व्हर्टर-चार्जरपर्यंत जाते. बाहेरची वीज असेल तेव्हा हे यंत्र ती बोटीतल्या उपकरणांना पुरवते आणि बॅटरी चार्ज करते. ती गेली की बॅटरीवरून स्वतः एसी वीज तयार करते. ही अदलाबदल करणारा रिले यंत्राच्या आतच असतो. येणारे व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत असेल तरच तो बाहेरची वीज आत घेतो. व्हिक्ट्रॉन या डच कंपनीच्या 230 व्होल्टच्या मल्टिप्लस यंत्रात ही मर्यादा 187 ते 265 व्होल्ट आहे. अमेरिकी 120 व्होल्टच्या यंत्रांत ती कंपनीगणिक बदलते.

नेहमीची तक्रार रिलेच्या टकटकीची असते. केबल जोडली, यंत्राने वीज घेतली, चार्जिंग सुरू झाले आणि थोड्याच वेळात यंत्र पुन्हा बॅटरीवर गेले. काही सेकंदांनी तेच पुन्हा. मल्टिमीटर लावावा तर खांबावर 120 व्होल्ट अगदी व्यवस्थित, त्यामुळे संशय यंत्रावर जातो. बहुधा यंत्र निर्दोष असते. लोड येताच व्होल्टेज मर्यादेखाली जाते, म्हणून ते वीज सोडते. त्याने वीज सोडताच लाइनवरचा लोड उतरतो, व्होल्टेज सावरते, यंत्राला वीज पुन्हा चांगली दिसते आणि ते ती पुन्हा घेते. लोड नसताना घेतलेले रीडिंग म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी असते.

12 व्होल्टच्या बॅटरीला 100 अँपिअर देणारा चार्जर 120 व्होल्टच्या लाइनवरून साधारण 14 अँपिअर ओढतो. त्याच वेळी 1500 वॉटचा वॉटर हीटर चालू असेल तर आणखी साडेबारा. त्यात आधुनिक चार्जरची एक खोड अशी, की व्होल्टेज पडले तरी त्याला वॉट तेवढेच हवे असतात, म्हणून तो करंट वाढवतो आणि व्होल्टेज आणखी पाडतो.

तपासणी लोड चालू ठेवूनच करायची, आणि चार जागी: खांबावर, बोटीच्या इनलेटवर, मुख्य ब्रेकरनंतर आणि यंत्राच्या इनपुट टर्मिनलवर. जिथून रीडिंग एकदम घसरते, त्याच टप्प्यात दोष असतो. चालू लाइनवरचे हे काम पाण्याशेजारी करायचे असल्यामुळे ते जाणकार इलेक्ट्रिशियननेच करावे. 10 गेजच्या 50 फुटी केबलमध्ये जाणारी आणि येणारी तार मिळून सुमारे 0.1 ओहम रोध असतो, म्हणजे पूर्ण 30 अँपिअरवर 3 व्होल्ट पडणे स्वाभाविक आहे. आठ-दहा व्होल्ट पडत असतील तर कुठेतरी जोड खराब आहे. खाऱ्या हवेत पिना गंजतात, सॉकेटमधल्या पट्ट्या सैल होतात. अशा एका जोडावर 20 अँपिअरला 4 व्होल्ट पडले तर तिथे 80 वॉट उष्णता तयार होते, छोट्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त. काळवंडलेला किंवा वितळू लागलेला प्लग घासूनपुसून पुन्हा वापरणे धोक्याचे. तो आणि त्याच्या जोडीचे इनलेट दोन्ही बदलावे लागतात, नाहीतर जुना भाग नव्याला जाळतो.

खांबावरच व्होल्टेज पडत असेल तर दोष मरिनाच्या वायरिंगचा किंवा शेजारच्या बोटींच्या लोडचा. सकाळी ठीक आणि उन्हाळ्याच्या दुपारी खराब, हे सगळ्यांचे एसी एकदम चालू झाल्याचे लक्षण. अनेक मरिनांना थ्री-फेज पुरवठा असतो. तिथे दोन फेजमध्ये 240 ऐवजी 208 व्होल्ट मिळतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 120 व्होल्ट असल्याने बहुतेक उपकरणांना फरक कळत नाही. पण बोटीवर 240 व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल, तर त्याच्या पलीकडे प्रत्येक बाजूला 104 व्होल्टच उरतात आणि लोड चालू असताना ते आणखी उतरतात. बूस्ट टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर हा त्यावरचा खरा उपाय.

50 अँपिअरच्या जोडणीत एका फेजवर 90 आणि दुसऱ्यावर 150 व्होल्ट दिसले तर न्यूट्रल तुटलेला आहे असे समजावे. इथे पुढचे मोजमाप करत बसायचे नाही. ब्रेकर ताबडतोब बंद करायचा, कारण जास्त व्होल्टेजच्या बाजूची उपकरणे काही क्षणांत जळू शकतात.

पुरवठाच अशक्त असेल तर यंत्रातली इनपुट करंटची मर्यादा कमी करणे हा सर्वात साधा मार्ग. 30 ऐवजी 15 अँपिअर ठेवले की चार्जर आपोआप हात आखडतो, बॅटरी सावकाश भरते आणि टकटक थांबते. काही यंत्रे कमी पडणारी वीज बॅटरीतून पुरवतात. मात्र मर्यादा सरासरी वापराच्याही खाली ठेवली तर त्यात बॅटरीच रिकामी होते. कमी व्होल्टेजला वीज तोडण्याची मर्यादा खाली आणण्याचा मोह मात्र टाळावा. टकटक थांबते, पण एसीच्या आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरना तेच कमी व्होल्टेज मिळत राहते. त्यांच्या मोटारी जास्त करंट घेऊन तापतात आणि गंजलेला जोडही तसाच तापत राहतो.