घरी आणणारा कागद

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझा मावसभाऊ आखातातून चार दिवसांत देवपुरात येऊन हजर झाला. मावशी दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी "मुलाला बोलावून घ्या" एवढेच सांगितले होते. पंचाईत अशी, की त्याच आठवड्यात टॅक्सीत बॅग राहून दादाचा पासपोर्ट हरवला होता. ज्या एजंटाने त्याला तिकडे पाठवले, त्याने फोनवर धीर दिला : "वकिलातीत टेम्पररी पासपोर्ट मिळतो. त्यावर जा, त्यावरच परत या." कागद मिळाला. इकडे आप्पा म्हणाले, "कागद भेटना ना, मंग काय!" दादा आला, मावशीने त्याला ओळखले आणि पाचव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर दादा परतीच्या तयारीला लागला, तेव्हा समजले की त्या कागदावर परत जाता येत नाही. मुंबईच्या विमानतळावर उतरताच त्याचे आयुष्य संपले होते.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. घरात सर्वांनी माझ्याकडे पाहिले आणि मला काहीच सांगता आले नाही. त्या लाजेपोटी जे वाचले, विचारले, ते येथे लिहितो आहे. आपल्या महाविद्यालयातही अनेकांचे भाऊ, काका बाहेरदेशी आहेत.

मुळात 'टेम्पररी पासपोर्ट' नावाची वस्तू आपल्या कायद्यात नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात पासपोर्टचे तीन प्रकार आहेत : सर्वसामान्य नागरिकाचा, सरकारी कामावर जाणाऱ्याचा आणि राजनैतिक अधिकाऱ्याचा. त्यांखेरीज 'प्रवासाचे दस्तऐवज' असा निराळा वर्ग आहे. दादाला मिळाले ते 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' या दुसऱ्या वर्गातले. ते पासपोर्ट नव्हेच. हा मनुष्य भारतीय नागरिक आहे, त्याला एकदा भारतात येऊ द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. प्रवास एक, दिशा एक, मुदत थोडी. त्याचे नूतनीकरण होत नाही, कारण घरी पोचलेल्या माणसाला पुन्हा घरी आणण्याचा प्रश्नच उरत नाही.

ते मिळवण्याची रीत अशी. पासपोर्ट हरवल्याबरोबर तेथील पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मग भारतीय वकिलातीत अर्ज, छायाचित्रे आणि नागरिकत्वाचा जो काही पुरावा हाताशी असेल तो द्यावा. वकिलात आपल्या नोंदी तपासते आणि माणूस तोच असल्याची खात्री पटली की प्रमाणपत्र देते. हरवलेल्या पासपोर्टची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो या वेळी फार उपयोगी पडतो. दादाने घर सोडताना मावशीने हट्टाने झेरॉक्स काढून कपाटात ठेवली होती. तिचा फोटो आम्ही येथून पाठवला, म्हणून त्याचे काम लवकर झाले. यानंतरही पुष्कळ देशांत, विशेषतः आखातात, देश सोडण्यासाठी तेथील सरकारची संमती लागते. ती देणे आपल्या वकिलातीच्या हातात नसते.

हा कागद किरकोळ समजू नये. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतला, तेव्हा तेथल्या कित्येक भारतीय कामगारांचे पासपोर्ट त्यांच्या मालकांकडे होते आणि मालक पळून गेले होते. अशा माणसांना तात्पुरत्या कागदांवरच बाहेर पडावे लागले. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक लोक मायदेशी आले. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणारी मुले सीमेवर पोचली, तेव्हाही पासपोर्ट जवळ नसलेल्यांसाठी हीच सोय होती. जाता जाता एक सांगतो. आपला पासपोर्ट ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे, कायद्याचे १७ वे कलमच तसे आहे. मालकाने तो कुलपात ठेवणे तिकडे कितीही रुळलेले असले, तरी त्याच्यावर त्याची मालकी नाही.

दादापुढे दुसरा मार्ग होता. हरवलेल्याच्या जागी नवा पासपोर्ट वकिलातीतूनच मागता येतो. तो पूर्ण मुदतीचा असतो, पण त्याला अधिक दिवस लागतात, आणि जुन्या पासपोर्टवरील व्हिसाचे काम पुन्हा करून घ्यावे लागते. मावशीकडे तेवढे दिवस नव्हते. म्हणजे निवड सोपी नव्हतीच. माझी तक्रार एवढीच आहे, की ही निवड आहे हेच त्याला कोणी सांगितले नाही.

आता थोड्या मुदतीच्या खऱ्या पासपोर्टकडे वळतो. साधा पासपोर्ट प्रौढाला दहा वर्षांसाठी मिळतो. कायद्याचे ७ वे कलम म्हणते, की तो कमी मुदतीचाही देता येईल. अर्जदाराने मागितला तर, किंवा अधिकाऱ्याला तसे वाटले तर. मात्र दुसऱ्या बाबतीत कारण अर्जदाराला लेखी कळवावे लागते. या 'लेखी'मागे इतिहास आहे. १९६७ पूर्वी पासपोर्ट देणे-न देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. सतवंतसिंग सॉहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असा निर्णय दिला, आणि सरकारला घाईने कायदा करावा लागला. पुढे मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला, त्यावरील १९७८ चा निकाल तर आपल्याला अभ्यासालाच आहे. परीक्षेपुरते पाठ केलेले ते कलम २१ मला दादाच्या निमित्ताने प्रथमच समजले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा असा पासपोर्ट सक्तीचा नव्हता, हेही आज खरे वाटत नाही.

थोड्या मुदतीच्या पासपोर्टशी विद्यार्थ्यांचा संबंध येतो तो मोर्चांमुळे. रास्ता रोकोत नाव आले, खटला न्यायालयात उभा राहिला आणि वर्षानुवर्षे चालला, तर ६ व्या कलमाप्रमाणे पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे. ज्या न्यायालयात खटला आहे त्याच्याकडे परदेशी जाण्याची परवानगी मागायची. न्यायालय जी मुदत घालील तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदतच लिहिलेली नसेल, तर एक वर्षाचा. म्हणून वकिलांना सांगून आदेशात मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. हे न सुचल्यामुळे माणसे दरवर्षी खेटे घालत बसतात.

नूतनीकरण हा शब्दही आता सवयीपुरताच उरला आहे. पूर्वी त्याच पुस्तिकेवर शिक्का मारून मुदत वाढवत. आता मुदत संपली की नवी पुस्तिका, नवा क्रमांक. जुन्या हस्तलिखित पासपोर्टांचा प्रश्न तर २०१५ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नियमांनीच निकालात काढला. आणि 'तत्काळ'चा पासपोर्ट तात्पुरता असतो, हा समज चुकीचा आहे. जादा शुल्क घेऊन तो लवकर देतात इतकेच. मुदत पूर्णच असते.

दादाने पुढे रीतसर सर्व केले. हरवल्याचे शपथपत्र दिले, तिकडच्या पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडली, तीन हजार रुपये शुल्क भरले, पोलीस चौकशी झाली आणि पासपोर्ट घरी आला. तोवर त्याच्या जागेवर दुसरा माणूस लागला होता. आता तो आग्रा रोडजवळच्या एका दुकानात मोटारी रिवाइंड करतो आणि नव्या व्हिसाची वाट पाहतो. नव्या पासपोर्टची झेरॉक्स मावशीच्या कपाटात, तिच्या जुन्या जागीच ठेवली आहे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला विचारले, "दादा, आधी माहीत असते तर आला नसतास का?"

हातातली तार गुंडाळत तो म्हणाला, "आलो तर असतोच रे. पण साहेबाला सांगून, रजा लिहून घेऊन आलो असतो."