चूक आणि मेंदूचा पहारा

हिशेब मांडताना आकडा चुकतो आणि दुसऱ्याने दाखविण्यापूर्वीच ती चूक आपल्या ध्यानी येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामागे मेंदूची विशिष्ट यंत्रणा कार्य करीत असते, असे संशोधनाने दाखवून दिले आहे.

'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापून केवळ शाईचा रंग विचारला, तर साक्षर मनुष्य अडखळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडले स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये अशा प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचनाची सवय एकीकडे ओढते, तर दिलेली सूचना दुसरीकडे. अशा संघर्षात सवयीला आवर घालून हेतूप्रमाणे वागण्याच्या क्षमतेस बोधात्मक नियंत्रण म्हणतात.

१९९० नंतरच्या काही वर्षांत जर्मनी व अमेरिका येथील संशोधकांनी डोक्यावर विद्युदग्रे लावून मेंदूतील विद्युत लहरींची नोंद घेतली. चुकीचे बटण दाबले गेल्यावर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाच्या आतच एक ऋण लहर उमटते, असे त्यांना आढळले. कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतील बाजूस असलेला भाग हे तिचे मुख्य उगमस्थान मानले जाते. तिच्या पाठोपाठ एक धन लहर येते. तिचा संबंध चुकीच्या स्पष्ट जाणिवेशी आहे.

चुकीनंतरचे उत्तर मनुष्य अधिक सावकाश देतो, हे पॅट्रिक रॅबिट यांनी १९६६ मध्येच दाखविले होते. तथापि, सावकाश दिलेले उत्तर अचूक असतेच असे नाही. पुढील प्रश्न तत्काळ समोर आला, तर पुन्हा चुकण्याचा संभव वाढतो. थोडी उसंत मिळाल्यास तो कमी होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. प्रयत्नाने बुद्धी वाढते असे मानणाऱ्यांमध्ये ही धन लहर अधिक मोठी असते आणि चुकीनंतरची त्यांची उत्तरेही अधिक अचूक असतात, असे अमेरिकेतील मिशिगन येथील २०११ च्या अभ्यासात आढळले.

प्रयोगशाळेतील हे निष्कर्ष वर्गास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु फळ्यापाशी चुकलेल्या मुलास दटावून लगेच दुसरे गणित घालण्यापूर्वी शिक्षकांनी त्यांचा विचार अवश्य करावा. पुष्कळदा चुकीची वर्दी मुलाच्या मेंदूने त्याला आधीच दिलेली असते. त्याला हवी असते ती क्षणभर उसंत आणि पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा.