जेने-जेनो : इस्लामपूर्व आफ्रिकेचे नगरजीवन

सहारा ओलांडून आलेल्या अरब व्यापाऱ्यांमुळेच पश्चिम आफ्रिकेत नगरे उदयास आली, असा समज दीर्घकाळ रूढ होता. माली देशातील जेने-जेनो येथे १९७७ साली सुसान आणि रॉडरिक मॅकिंटॉश या पुरातत्त्वज्ञांनी सुरू केलेल्या उत्खननाने तो खोडून काढला.

नायजर नदीच्या खोऱ्यातील ही वस्ती इसवी सनपूर्व २५० च्या सुमारास वसली. रहिवासी भात पिकवीत, मासेमारी करीत, गुरे पाळीत. लोहखनिज मात्र दुरून आणावे लागे. इसवी सन ८०० पर्यंत नगर सुमारे ३३ हेक्टरांवर विस्तारले. तरीही तेथे राजवाड्याचे अवशेष आढळलेले नाहीत.

मृतांना मोठ्या रांजणांत ठेवून वस्तीतच पुरले जाई. घरांच्या भिंतींत व जमिनीखाली मृण्मूर्ती सापडल्या असून, त्या पूर्वजपूजेच्या निदर्शक असाव्यात, असे संशोधकांचे मत आहे. उपासनेचे स्थान घरातच होते, असे यावरून दिसते.

शेजारच्या जेने नगरात इस्लाम रुजला आणि इसवी सन १४०० च्या सुमारास जेने-जेनो ओस पडले. या स्थळाचा युनेस्कोने १९८८ साली जागतिक वारसा यादीत समावेश केला. लिखित नोंदींच्या अभावी मूर्ती कोठे व कशी पुरली होती, हाच येथील श्रद्धांचा मुख्य पुरावा आहे. चोरट्या उत्खननातून परदेशी बाजारात गेलेल्या मूर्तींबाबत तो कायमचा नष्ट झाला आहे.