ताप 'ह्यां'चा, काळजी दोघांची

संगमनेरात २०२४ साली झिकाचे रुग्ण सापडले, तेव्हा आधी आठवल्या त्या दिवस गेलेल्या लेकीसुना. साहजिकच आहे. या तापानं पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. पण मैत्रिणींनो, घरातल्या पुरुषांचं काय?

झिका पसरतो दिवसा चावणाऱ्या एडिस डासामुळे. बारीक ताप, पुरळ, लाल डोळे. पुष्कळांना तेवढंही होत नाही. मात्र हा विषाणू वीर्यात उतरतो आणि तिथून बायकोपर्यंत पोचतो.

२०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात झिकामुळे नर उंदरांचे वृषण आक्रसले, शुक्रजंतू घटले. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या संशोधकांनी दाखवलं, की आधी लस टोचली तर उंदरांना ही इजा होत नाही. माणसांत अशी इजा होतेच, असं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि झिकाची लसही बाजारात आलेली नाही.

तोवर काय करायचं? झिका झालेल्या पुरुषानं निदान तीन महिने निरोध वापरावा. बायकोला दिवस गेले असतील तर बाळंतपण होईपर्यंत. हे बोलायला जीभ अडखळते खरी! पण आपण नाही, तर 'ह्यां'ना कोण सांगणार?

आणि आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, कूलर रिकामे करून कडा घासून काढा. एडिसची अंडी तिथंच चिकटलेली असतात. लस येईल तेव्हा येईल, काथ्या तर आजच हातात आहे!