आतड्यातील फुगे आणि जेवणातला चोथा

सायकलचा टायर विरला की आतली ट्यूब तेथून फुग्यासारखी बाहेर डोकावते, हे तुम्ही पाहिले असेल. उतारवयात मोठ्या आतड्याचेही काहीसे असेच होते. आतड्याच्या स्नायूंतून जेथे रक्तवाहिन्या आत शिरतात, ती जागा दुबळी असते. आतील दाब वाढला की तेथे वाटाण्याएवढ्या पिशव्या बाहेर येतात. जेवणात चोथा कमी असला तर मळ घट्ट होतो व तो ढकलताना हा दाब वाढतो, अशी उपपत्ती पेंटर व बर्किट यांनी १९७१ साली मांडली. तिच्याबद्दल वाद आहे. मात्र चोथा भरपूर खाणाऱ्यांत या पिशव्या सुजण्याचे प्रमाण कमी आढळते.

ही सूज म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस. ओटीपोटात, बहुधा डाव्या बाजूस, कळा येतात, तापही येतो. अशा वेळी डॉक्टरांकडेच जायला हवे. सूज असताना चोथा नको. आतड्याला विसावा म्हणून गाळलेले सूप, पेज, मग मऊ भात. सूज ओसरली की नेमके उलटे! भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या हळूहळू वाढवायच्या, पाणीही भरपूर प्यायचे. एकदम वाढवल्यास पोट फुगते.

बिया, दाणे, लाह्या पिशवीत अडकतात, म्हणून त्या वर्ज्य, असे डॉक्टर पूर्वी सांगत. पटण्यासारखेच होते ते! पण २००८ साली अमेरिकेतील ४७,२२८ पुरुषांच्या अठरा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. अक्रोड-बदामांसारखी कवचाची फळे आणि मक्याच्या लाह्या वरचेवर खाणाऱ्यांत हे दुखणे वाढलेले तर नव्हतेच, उलट काहीसे कमीच होते.