गिऱ्हाइकांची वही : गटाची दुसरी बचत

लग्नघरातली आहेराची वही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुणी काय दिलं ते त्यात लिहून ठेवतो आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढून बघतो. वीस वर्षांपूर्वीचा आहेरही आपण विसरत नाही. पण आपल्याकडून पाच किलो तांदूळ घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पाठ वळली की विसरून जातो. आज आपण गिऱ्हाइकांच्या वहीबद्दल बोलणार आहोत. ती कशी करायची, त्यात ई-मेलचा पत्ता कशाला घ्यायचा आणि ती जपायची कशी, ते पाहू.

भोर-वेल्ह्यातले आपले गट इंद्रायणी, आंबेमोहोर, नाचणीचं पीठ, पापड-कुरडया, करवंदाचं लोणचं असं काय काय करतात. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईला महालक्ष्मी सरस असतं. तिथे स्टॉल लागला की माल हातोहात जातो. बाया विचारतात, "ताई, हा तांदूळ पुन्हा कुठे मिळेल?" आपण सांगतो, "पुढच्या वर्षी इथेच या." घरी येतो. कर्जाचा हप्ता तोंडावर असतो, भात घरात पडलेलं असतं आणि दारात व्यापारी उभा असतो. तो म्हणेल त्या भावाला द्यावं लागतं, कारण दुसरं कुणी घेणारं आपल्याला माहीतच नसतं. भाव कोण ठरवतं? ज्याला गिऱ्हाईक माहीत आहे, तो. म्हणून ही वही म्हणजे गटाची दुसरी बचतच.

हिशेब करून बघू. समजा, चार दिवसांच्या स्टॉलवर 60 जणांची नावं मिळाली. त्यातल्या 20 जणांनीच पुन्हा मागवलं आणि प्रत्येकी 10 किलो घेतलं, तरी दोन क्विंटल तांदूळ आपल्या भावाने गेला. तोही स्टॉलचं भाडं न भरता.

ओळखीच्या, बांधलेल्या गिऱ्हाइकाची ताकद बायकांना नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात बायका घरात खाणावळ चालवायच्या, गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे. अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कोण आपल्याकडे जेवतं, किती जण जेवतात, हे त्या बायकांना ठाऊक होतं. आपलं गिऱ्हाईक पन्नास-साठ किलोमीटरवर पुण्यात किंवा त्याहून लांब मुंबईत असतं. ते रोज दिसत नाही, म्हणून लिहून ठेवायला हवं.

सुरुवात कुठून? आपल्याच माणसांपासून. गावातली किती घरं पुण्या-मुंबईला कामाला आहेत! जत्रेला, गणपतीला, लग्नाला ती येतातच. गावच्या तांदळाची चव त्यांना सांगावी लागत नाही. पहिली वीस-पंचवीस नावं इथेच मिळतील. मग प्रदर्शनातली गिऱ्हाइकं. मग राजगड-तोरण्याला येणारे ट्रेकर, जे आपल्याकडे पिठलं-भाकरी जेवतात आणि जाताना नाचणीचं पीठ मागतात.

वहीत काय लिहायचं? दोनशे पानी वही घ्या आणि रकाने आखा : नाव, मोबाइल, ई-मेल, राहण्याचा भाग, काय घेतलं व किती, तारीख, आणि शेवटचा रकाना 'कळवू का?'. राहण्याचा भाग महत्त्वाचा. कात्रज-धनकवडीची दहा नावं एकत्र दिसली, तर एकाच दिवशी एकाच ठिकाणी माल पोचवता येतो. ई-मेलचा पत्ता गिऱ्हाइकालाच लिहायला सांगा. एक अक्षर चुकलं तरी पत्र पोचत नाही, म्हणून तिथेच मोठ्याने वाचून खात्री करा.

शेवटच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. "नवीन तांदूळ निघाला की वर्षातून चार-पाच वेळा कळवू, चालेल ना?" असं विचारायचं. 'हो' म्हणाले तरच नाव यादीत घ्यायचं. दुसऱ्याच्या फोनमधून उतरवलेली किंवा कुणाकडून विकत घेतलेली नावं नकोत. न विचारता आलेला निरोप कुणालाच आवडत नाही. आणि आता 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही आहे. माणसाची माहिती त्याच्या संमतीने घ्यायची, सांगितलेल्या कामासाठीच वापरायची आणि तो नको म्हणाला की थांबायचं, हे त्याचं सार. कुणी म्हणालं, "नाव काढा," तर त्याच दिवशी काढायचं.

व्हॉट्सॲप आहे, मग ई-मेल कशाला? दोन्ही हवेत. 'माल आज निघाला' हे सांगायला व्हॉट्सॲप उत्तम. पण त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नावंच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. शिवाय शुभ सकाळच्या ढिगात तो हरवतो. ई-मेल मात्र राहतो. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाने 'तांदूळ' हा शब्द शोधला तरी आपलं पत्र सापडतं. सोसायटीचे सचिव, दुकानदार, ऑफिसच्या कँटीनवाले दरपत्रक बहुधा ई-मेलवरच मागतात. आणि आपल्या डोंगराळ भागात रेंज नसली तरी जीमेलच्या ॲपमध्ये पत्र लिहून ठेवता येतं. रेंजमध्ये गेलो की ते निघून जातं.

ई-मेल खातं कुणाचं? गटाचं. अध्यक्षांच्या मुलाच्या नावावर खातं काढलं, आणि तो नोकरीला लांब गेला, की यादीही त्याच्याबरोबर गेली. खातं गटाच्या नावाने काढा, त्याला सचिवताईंचा मोबाइल जोडा. पासवर्ड दोघींकडे ठेवा आणि तसा ठराव बैठकीच्या वहीत लिहा. खातं काढायला सीआरपी ताई किंवा कॉलेजात जाणारी मुलगी मदत करेल. वहीतली नावं महिन्यातून एकदा त्या खात्यातही चढवा. वही भिजली तरी यादी राहील.

एकच पत्र अनेकांना पाठवताना सगळे पत्ते 'बीसीसी' या रकान्यात टाका. तसं केलं नाही, तर प्रत्येकाचा पत्ता बाकी सगळ्यांना दिसतो. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला साधारण 500 जणांना पत्र जातं, आपल्याला ते भरपूर आहे.

लिहायचं काय? थोडं आणि कामाचं. असं :

"नमस्कार. यंदाचं इंद्रायणी भात झोडून भरडून झालं आहे. 5 आणि 10 किलोच्या पिशव्या आहेत. नवा तांदूळ मऊ होतो, पाणी थोडं कमी घाला. जुना तांदूळही थोडा शिल्लक आहे. मागणी 20 तारखेपर्यंत कळवा, माल महिन्याच्या शेवटच्या रविवारी कात्रजला देऊ. निरोप नको असल्यास तसं कळवा."

खाली गटाचं नाव, गाव, फोन आणि दर. झालं पत्र. भात निघाल्यावर एक, संक्रांतीला एक, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं एक, करवंदाचं लोणचं झालं की एक, दिवाळीआधी एक. एवढं पुरे. आणि जे लिहिलं तेच द्यायचं. जुना सांगून नवा तांदूळ दिला, तर ते गिऱ्हाईक गेलंच, वर चार जणांना सांगेल.

एक सावधगिरी. मागणी वाढली की फसवणारेही येतात. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका," असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. बचत जमा झाली की प्रत्येकीने पुण्या-मुंबईतल्या दोन घरांची नावं सांगायची आणि त्यांना विचारून मगच वहीत लिहायची. दहा जणींच्या गटात वीस नावं झाली. पुढच्या महिन्यात त्या वीस जणांना पहिलं पत्र पाठवा. कितींनी उत्तर दिलं आणि किती किलो गेलं, ते आम्हाला जरूर कळवा.